आप्पा, तुम्ही वाशीला गेला होतात

तीर्थरूप आप्पा,

'इकडील क्षेम, आपलं क्षेम कळवत जावं' असं लिहायला सवयीनं हात गेला आणि थांबला. आता कुठून कळवणार तुम्ही? आणि होता तेव्हा तरी कुठं कळवत होता म्हणा! दोन ओळींचं कार्ड यायचं. 'पत्र पावलं. प्रकृती बरी. नातीला जपणे.' बस्स. पोस्टाच्या कार्डावर एवढी कोरी जागा सोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. इतक्या दिवसांत लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण लिहायचं काय? आज लिहितेय, कारण काल वाशीच्या बाजारात मला पार्वताकाकू भेटली. व्हय, तीच. गायकवाडांची.

तुमच्या जावयांची, मास्तरांची बदली जूनमध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीला झाली, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेल्यावर महिन्याभरानं ऑर्डर आली. मीही इथंच मुलींच्या शाळेत आहे. तर काल भाजी घेत होते आणि मागून आवाज आला, "गोदे?" दहा-अकरा वर्षांत मला गोदे म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. तुम्हीसुद्धा नंतर नंतर काहीच म्हणत नव्हता. वळून बघते तर काकू. केस पार पांढरे, कडेवर नातू. मी बाजारात, लोकांसमोर, तिच्या गळ्यात पडले. मास्तर पिशवी धरून बघतच राहिले.

मग एका दुकानाच्या कट्ट्यावर बसलो आणि ती म्हणाली, "तुझा बाप आला व्हता आमच्या दारात."

मी हसले. म्हटलं, "काकू, दुसरं कुणी असंल."

"तुझ्या बापाला म्या वळकणार न्हाय व्हय गं?"

आप्पा! तुम्ही वाशीला गेला होतात? आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?

रात्री—नको, कालचं सोडा. मला सगळं पहिल्यापासून तुमच्यासमोर मांडायचंय. तुम्ही कधी मांडू दिलं नाहीत. आता उठून जाता येणार नाही तुम्हाला.

आई जाऊन वर्ष झालं होतं. मी तेरा वर्षांची. तुळजापुरात नवरात्राची गर्दी, आणि तुम्ही सोलापूरची मोटार थांबायची तिथं सकाळपासून उभे. काय आवाज होता तुमचा! "चला माउली, चला! देवीचं घर हाय, आपलंच घर हाय!" बाकीचे पुजारी आधी गाव विचारायचे, कूळ विचारायचे, आधी कुणाकडं उतरत होता ते विचारायचे. तुम्हाला तेवढा धीर कुठला? तुम्ही आधी माणसाचं गाठोडं उचलायचात, मग विचारायचात. आणि बऱ्याचदा विचारायचं राहूनच जायचं.

तसंच तुम्ही मारुतीराव गायकवाडांचं गाठोडं उचललंत. फेटा, काळा कोट, पायात सोलापुरी चपला करकरीत. गिरणीत जॉबर, म्हणजे मजुरांवरचे मुकादम होते ते, गाव वाशीजवळचं. गायकवाड म्हटल्यावर तुम्हाला थेट बडोद्याचे महाराजच दिसले असणार! मोठ्या तोऱ्यात घेऊन आलात. "गोदे, पाणी आण. गायकवाड आलेत."

मी तांब्या आणला. काकूनं पाणी घेतलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आगं बया, ह्या पोरीच्या डोस्क्यात तर उवांची जत्रा भरलीया!" मला इतकी लाज वाटली! पण तिनं तिथंच, पडवीत, मला पुढ्यात बसवलं आणि फणी घेतली. आई गेल्यापासून माझ्या केसांना कुणाचा हात लागला नव्हता. तुम्ही दारात उभे राहून बघत होता. तुमचे डोळे भरले होते, ते मी बघितलं होतं.

यजमानांच्या, म्हणजे उतरायला आलेल्या भक्तांच्या बायकांनी नैवेद्याला हात लावायचा, ही आपल्याकडची रीतच. आपल्याकडं तर बाईमाणूसच नव्हतं, मी म्हणजे निम्मी बाई. काकूनं पदर खोचला आणि आपल्या चुलीवर पुरण घातलं. मला पाट्यापाशी बसवलं. "दाबून वाट गं, डाळीला घाबरतीस काय!" पोळी लाटायला शिकवली, ती फुटली की दोघी हसायचो. देवीला नैवेद्य दाखवून तुम्ही त्यांच्याच पंगतीला बसलात आणि पाच पोळ्या खाल्ल्यात. मी मोजत होते, आप्पा. आई गेल्यापासून तुम्ही दोनच्या वर खात नव्हता.

अशी तीन वर्षं. तीन नवरात्रं. मी वर्षभर त्या चार दिवसांची वाट बघायचे. काकू आली की मला आई आल्यासारखं व्हायचं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, तुम्हाला वाईट वाटलं असतं.

मग तिसऱ्या वर्षी ते लोक गेल्यावर कुणी वाशीकडचा माणूस पडवीत उतरला आणि बोलता बोलता म्हणाला, "पुजारीबुवा, तुमी आता महारांना बी उतरवून घेता म्हणं. चांगलं हाय, जमाना बदललाय." तो चेष्टा करत होता की खरंच चांगलं म्हणत होता, देव जाणे. तुम्ही हातातलं ताट खाली ठेवलंत. तुमचं तोंड कसं झालं होतं ते मला अजून दिसतं.

चूल उपटून टाकलीत. नवी माती, नवी चूल. भांडी विस्तवात घातलीत. पाटा मात्र जड होता, तो आपण दोघांनी मिळून ओढत परसात नेला, आठवतं? नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहिलात. देवघरासमोर पालथे पडून म्हणत होता, "आई, मला ठावं नव्हतं गं. मला ठावं नव्हतं." ते रडणं मी ऐकलंय. म्हणून नंतर कुणी तुम्हाला ढोंगी म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. ढोंगी माणूस घरात कुणी बघत नसताना असा रडत नाही.

नवव्या दिवशी तुम्ही माझा हात तुमच्या डोक्यावर ठेवून घेतलात. "गोदे, माझी शप्पत हाय. ती माणसं आपल्यात उतरली, त्या बाईनं निवद केला, मी खाल्ला, हे कुणाला बोलायचं न्हाय. कुणी इचारलं तरी न्हाय."

मी शपथ घेतली. पण माझ्या मनात एक प्रश्न आला होता, तो तेव्हाच विचारला असता तर? देवीनं तीन वर्षं तिच्या हातचं पुरण गोड मानून घेतलं, मग आपण कोण लागून गेलो? माझी हिंमत झाली नाही. तुम्ही नऊ दिवसांचे उपाशी होता, आप्पा. उपाशी माणसाला काय विचारायचं?

चौथ्या वर्षी ते आले. येणारच होते, त्यांना काय माहीत! सोबत सून, सुनेच्या हातात सव्वा महिन्याचं बाळ. देवीच्या पायावर घालायला आणलेलं. तुम्ही आडवे दारात.

"जागा न्हाय."

मारुतीरावांनी तुमच्या खांद्यावरून आत बघितलं. "पडवी तर रिकामी दिसती, पुजारीबुवा."

"तुमी आमाला फसवलंत."

"आमी?" त्यांचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "तुमी जात इचारली कवा? आमी कवा खोटी सांगितली? तुमीच हाताला धरून आणलं आमाला. आपलंच घर हाय म्हणालाव."

मी माजघराच्या दाराशी होते. काकूला मी दिसले. तिनं तुमच्याकडं नाही बघितलं, माझ्याकडं बघितलं. "गोदे, लेकराला सावलीत तरी घे गं."

आणि मी आत सरकले, आप्पा. मी दाराआड झाले. तुमची चूक मी दहा वेळा काढीन, पण ही माझी आहे. ते बाळ बाहेर रडत होतं आणि मी आत कणिक मळत होते. कुणासाठी, कोण जाणे.

कायदा नुकताच आला होता, पंचावन्न सालचा. धर्मशाळा, पाणवठा, देऊळ, दुकान, जिथं लोकांना मोकळीक आहे तिथं शिवाशिवीपायी कुणाला अडवलं तर गुन्हा. मारुतीराव गिरणीत कामाला, त्यांना ते ठाऊक होतं, त्यांनी फिर्याद केली. तुम्हाला समन्स आलं तेव्हा तुम्ही ते तीन वेळा वाचलंत आणि मग मला म्हणालात, "माझ्या घरात कोण यावं ते सरकार ठरवणार व्हय गं?" निजामाच्या अमलात तुमची शाळा उर्दूत झालेली, सरकारी मराठी तुम्हाला अडखळत वाचावी लागायची. 'अस्पृश्यता' हा शब्द तुम्ही बोट ठेवून वाचलात.

वकीलसाहेब मुसलमान, तुमच्या जुन्या ओळखीचे. धाराशिवच्या त्यांच्या बैठकीत आपण गेलो. (तुम्ही मरेपर्यंत धाराशिवच म्हणालात, उस्मानाबाद कधी म्हटलं नाहीत, वकीलसाहेबांच्या समोरसुद्धा! ते हसायचे.) त्यांनी चहा मागवला, तुम्ही नेहमीसारखा घेतला नाहीत, ते नेहमीसारखे रागावले नाहीत. म्हणाले, "पुजारीजी, घटना में लिखा हय. हर आदमी को अपना मजहब पालने की आजादी हय. घर तुमारा, देव तुमारा, सोवळा तुमारा. इसपे मैं लड़ूँगा. बस, एक बात बोलो. ये लोगां पहले कभी आए थे?"

तुम्ही म्हणालात, "न्हाय. मी वळखत बी न्हाय."

मी तुमच्या शेजारी बसले होते. तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललात, तेही इतकं वाईट बोललात, की मला वाटलं, आता वकीलसाहेब म्हणणार, खरं सांगा. पण त्यांचा तुमच्यावर विश्वास होता. सगळ्यांचाच होता.

कोर्टात गर्दी होती. आपले भाऊबंद सगळे आले होते, मागं मारुतीरावांच्या बाजूची माणसं. वकीलसाहेब छान बोलले, खोटं कशाला सांगू. म्हणाले, हा माणूस कुणाचा द्वेष करत नाही. याच्या घरात देवी आहे, तिचा नैवेद्य आहे, त्याचे नियम आहेत. उद्या कायदा देवघरात येऊन सांगणार का, नैवेद्य कुणी करायचा ते? मला ते पटत होतं, आप्पा. अगदी मनापासून पटत होतं. तुम्ही तिथंही 'वळखत न्हाय' एवढंच सांगून हात जोडून उभे होता, आणि मला वाटत होतं, यांना सोडून द्या हो, हे वाईट नाहीत.

मग मला पुढं बोलावलं. मी तुमची साक्षीदार. ठरलेलं होतं, एवढंच सांगायचं, की आपल्याकडं फक्त आपल्या कुळाचे यजमान उतरतात. ते मी सांगितलं. मग सरकारी वकील उठले. त्यांनी मला दरडावलं नाही, काही नाही. साधं विचारलं, "बाळ, ह्या बाईंना तू आधी कधी बघितलंयस का?"

काकू समोर बसली होती. ती मला मानेनं नको नको करत होती. आप्पा, हे तुम्हाला दिसलं नसेल, तुम्ही तिच्याकडं बघतच नव्हता. तिला कळत होतं माझं काय होणार ते. तिचीच केस, आणि ती मला नको म्हणत होती!

तिनं तसं केलं नसतं, तर मी कदाचित 'नाही' म्हणाले असते.

मी म्हणाले, "व्हय. ही माझी पार्वताकाकू हाय. तीन साल आमच्यात उतरली. तिनं माझे केस विंचरले. आमच्या चुलीवर तिनं निवद केला." आणि मग, कुणी विचारलं नव्हतं, तरी तोंडातून गेलंच, "आप्पांनी पाच पोळ्या खाल्ल्या."

मागं कुणीतरी हसलं. त्या हसण्याबद्दल मला माफ करा, आप्पा. साक्षीबद्दल नको. त्या हसण्याबद्दल.

न्यायाधीश म्हणाले, तुमच्या देवघरात तुम्ही काय करता ते कोर्ट बघणार नाही. पण मोटारीच्या थांब्यावर उभं राहून ज्या पडवीत तुम्ही आल्यागेल्याला बोलावता, तिथं एकाला जातीवरून परतवून लावता येणार नाही. दंड झाला. थोडा होता. तुम्ही दंडाचं ऐकतच नव्हता. तुमचं सगळं आधीच गेलं होतं. भाऊबंदांसमोर, जगासमोर निघालं होतं, की देवीच्या नैवेद्याला कुणाचा हात लागला होता.

वकीलसाहेब बाहेर माझ्यापाशी आले. मला वाटलं, आता बोलणार. म्हणाले, "बेटी, केस तो तू डुबाई. मगर सर नीचा नक्को कर." आणि गेले.

मोटारीत तुम्ही पुढं बसलात, मी मागं. तुळजापुरात उतरल्यावर तुम्ही चालायला लागलात, माझ्या दहा पावलं पुढं. मला वाटलं, टाकून निघाले. पण वळण आलं की तुम्ही थांबायचात. मागं बघायचा नाहीत, पण थांबायचात. मी जवळ आले की परत चालायला लागायचात. असं घरापर्यंत. त्या थांबण्यावर मी दहा वर्षं जगले, आप्पा. म्हणायचे, थांबत तर होते.

तुमच्या पूजेची पाळी कुणी काढून घेतली नाही, तुम्हीच चुलतकाकांना दिलीत. "माझं हात न्हाईत आता त्या लायकीचं." जेवण वेगळं करायला लागलात, माझ्या हातचं नको म्हणून. कुणी विचारलं तर "पोटाला झेपत न्हाय" म्हणायचात. मोटारीवर जायचं बंद केलंत. पडवी उघडी, स्वच्छ झाडलेली, आणि माणूस नाही. गंमत बघा, ज्यांच्यासाठी कायद्यानं ती उघडली तेही परत आले नाहीत. पुढच्याच वर्षी ते सगळे बौद्ध झाले. काकू काल म्हणाली, "देवी सोडली बाई आमी. दारात उबं करून घेत न्हाईत तितं कशाला जायाचं?"

एक दिवस तरी मला शिव्या द्यायच्या होत्यात! थोबाडीत मारायची होतीत! शपथ मोडली मी, बापाची! दुसऱ्या कुणी पोरीला घराबाहेर काढलं असतं. तुम्ही मला शिकवलंत, ट्रेनिंगला पाठवलंत, मास्तरांसारखा माणूस शोधलात. कन्यादानाला तुमचा हात माझ्या हाताखाली होता. तेव्हाही बोलला नाहीत. "मीठ दे." "दार लाव." "मोटार किती वाजता?" दहा वर्षं हेच. मी विहिरीवर जाऊन एकटी तुमच्याशी भांडायचे, तुमचीही वाक्यं मीच बोलायचे.

तुमच्या दुखण्याची तार आली तेव्हा, वाशीच्या आधी आम्ही होतो त्या अणदूरहून, कशी आले ते माझं मला ठाऊक. वाटेत ठरवलं होतं, आज विचारणार. मी चुकले का, एवढंच. तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "गाडी मिळाली का येळंवर?"

मी म्हणाले, "मिळाली, आप्पा."

तेच शेवटचं. विचारायचं राहिलं ते राहिलं.

आणि काल काकू म्हणते, तुम्ही तिच्या दारात गेला होतात! माझ्या लग्नाच्या आधल्या वर्षी. म्हणजे मी सोलापूरला ट्रेनिंगला असताना. एस.टी.नं वाशीपर्यंत, पुढं दोन मैल उन्हातून चालत. वस्तीत कुणाला तरी गायकवाडांचं घर विचारलंत. पोरं मागं लागली, शेंडीवाला बाबा आला म्हणून. दाराबाहेर उभे राहिलात. मारुतीराव बाजेवर बसले होते, ते उठलेसुद्धा नाहीत.

तुम्ही म्हणालात, "मी कोर्टात म्हणलो, वळखत न्हाय म्हणून. ते खोटं व्हतं. मी तुमच्या हातचं खाल्लंय. तेवढं सांगायला आलो."

मारुतीराव म्हणाले, "मग आता आत या."

"ते न्हाय जमायचं मला."

"मग आलाव कशाला?"

"खोटं बोललो व्हतो, म्हणून."

काकू सांगत होती, मारुतीराव इतके संतापले, की उठून मागच्या दारानं निघून गेले. तिनं पाणी आणलं. तुम्ही तांब्याकडं बघत राहिलात. उन्हानं तोंड लाल झालेलं, ओठ सुकलेले. हात जोडलेत आणि म्हणालात, "माय, न्हाय घेता येत मला. रागावू नको." काकू म्हणाली, तिला राग आला होता, लई राग आला होता, पण तुमचे डोळे बघून तिनं तांब्या खाली ठेवला. खरं सांगू? हे ऐकल्यावर मला तुमचा राग आला. एवढं दोन मैल चालून गेलात, आणि एक घोट पाणी? देवाधर्माची मोकळीक तुम्हाला हवी होती ना? मग तिला नव्हती का हवी? तिचीही तीच देवी होती! तिनंही उपास धरून, नातू घेऊन, मोटारीचे धक्के खात यावं, आणि तिचा धर्म तुमच्या उंबऱ्यावर संपावा? तुमच्या सोवळ्याला जागा करून द्यायची म्हणून एका लेकरानं उन्हात का राहायचं? हे मी शाळेत मुलींना सांगते, तुम्हाला सांगायला दहा वर्षं लागली.

पण काकूनं शेवटी जे सांगितलं, त्यापायी हे पत्र आहे.

तिनं तुम्हाला विचारलं, "पोरगी कशी हाय?" तुम्ही निघाला होतात, थांबलात. (परत थांबलात! थांबण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही.) आणि म्हणालात, "पोर खरं बोलली. मला झालं न्हाय, ते तिनं केलं. माझ्यापरीस देवी तिच्यातच जास्त हाय."

आप्पा.

मी त्या कट्ट्यावर बसून हंबरडा फोडला. मास्तर घाबरले. काकूचा नातू घाबरून रडायला लागला. बाजारातल्या बायका गोळा झाल्या, त्यांना वाटलं, माझं कुणी गेलं. काकू त्यांना म्हणाली, "बाप गेलाय तिचा." म्हटलं, खरंच. आठ महिन्यांनी गेला.

तुम्हाला ते वाटत होतं? तेव्हाच? कधीपासून? मोटारीतून उतरलात तेव्हापासून? मग माझ्या हातचं का नाही खाल्लंत हो? एक भाकरी? मी वेगळ्या चुलीकडं बघून वर्षानुवर्षं जळले, की बाप माझ्या हातचं खात नाही! का तेही माझ्यासाठी नव्हतंच, तुम्ही स्वतःलाच शिक्षा देत होता? आता हे कोण सांगणार मला? काकूला तेवढंच ठाऊक होतं.

आप्पा, तुळजापूरहून वाशी किती लांब! मोटार बदलायची, उन्हातून चालायचं, ज्यांच्या वस्तीत जन्मात पाऊल टाकलं नाही तिथं जायचं, अपमान करून घ्यायचा. ते तुम्हाला जमलं. आणि तुम्ही पडवीत, मी माजघरात बसलेली असायचे. चार पावलं होती. ती नाही जमली?

तुम्ही असता तर आज भांडले असते आणि मग तुमच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले असते. तुमच्या उपरण्याचा तो कापराचा वास! इतकी आठवण येते, की कधी कधी शिकवता शिकवता खडू हातात राहतो. मुली म्हणतात, "बाई, पुढं?"

काकूनं रविवारी जेवायला बोलावलंय. मी जाणार आहे, लेकीला घेऊन. तुमच्या वतीनं नाही, बरं का. तुम्हाला जे जमलं नाही ते तुमच्या नावावर मी कशाला खपवू? तुमचं सोवळं तुमच्यापाशी. मी माझी म्हणून जाणार, पोटभर खाणार, आणि त्या दिवशी दाराआड सरकले त्याची माफी मागणार. मारुतीराव बोलले नाहीत तर तेही चालेल. न बोलणाऱ्या माणसांची मला सवय आहे.

आणि एक वचन देते. तुमची नात सहा वर्षांची आहे, आत्ताच मला उलट बोलते. मोठी झाली की एक ना एक दिवस ती माझ्याविरुद्ध उभी राहणार, रक्त तुमचंच आहे. तेव्हा मी भांडेन, आदळआपट करीन, दोन दिवस जेवणार नाही. पण ती खरी असेल, तर तिसऱ्या दिवशी उठून तिच्यापाशी जाईन आणि तिच्या तोंडावर तिला सांगेन, की बाई, तू खरी होतीस. मी जिवंत असताना सांगेन. बाजारातल्या कट्ट्यावर, दुसऱ्या कुणाकडून तिला ते कळू देणार नाही.

तुमची लाडकी (हे आता मी म्हणू शकते),
गोदी